अध्यापक-विकासाच्या क्षेत्रातील नवागत : एक चिकित्सा

महाविद्यालयीन अध्यापकाला अध्यापनाचे प्रशिक्षण मिळावे, ही मागणी आपल्या देशात जवळजवळ स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) सुट्टीच्या काळातील उजळणी वर्गांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) नव्याने रुजू होणाऱ्या व्याख्यात्यांसाठी उद्बोधनाची व्यवस्था सुचवली आणि मोठ्या विद्यापीठांत ती कायमस्वरूपी असावी, असेही म्हटले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची योजना आणली. पुणे, मुंबई, नागपूर, तत्कालीन औरंगाबाद येथील विद्यापीठांत उभ्या राहिलेल्या या कॉलेजांतून महाराष्ट्रातील प्राध्यापकांची एक अख्खी पिढी जाऊन आली आहे. २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशनअंतर्गत शिक्षक प्रशिक्षण केंद्रे म्हणून ओळखली जातात. पाट्या बदलल्या; चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग आणि तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग ही मूळ चौकट मात्र बराच काळ टिकून राहिली.

या दीर्घ प्रवासात अध्यापकाचा विचार पुष्कळ झाला. त्याला घडविण्याचे काम ज्याच्यावर सोपवले जाते त्याचा विचार मात्र अभावानेच आढळतो. तो या कामात कोठून येतो, येताना काय घेऊन येतो, पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याला कोणाचा आधार मिळतो आणि त्या आधाराचे स्वरूप काय असते, हे प्रश्न आपल्या धोरणात्मक लेखनात जवळजवळ विचारले गेलेले नाहीत. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो या नवागताचा. स्टाफ कॉलेजांच्या संचालकांपेक्षा येथे अधिक लक्ष दिले आहे ते सर्वसाधारण संलग्नित महाविद्यालयातील त्या प्राध्यापकाकडे, ज्याला एके दिवशी प्राचार्यांच्या दालनात बोलावून अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचे किंवा प्राध्यापक प्रबोधिनीचे समन्वयकपद दिले जाते. आपल्याकडे या क्षेत्रात प्रवेश होतो तो बहुधा असाच.

नाव नसलेले काम

इंग्रजीभाषक देशांत या कामाला स्वतंत्र क्षेत्राचे रूप येऊन अर्धशतक लोटले आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे अध्ययन-अध्यापन संशोधन केंद्र १९६२ चे. ब्रिटनमध्ये ‘सीडा’ ही या व्यावसायिकांची संघटना १९९३ मध्ये स्थापन झाली. या क्षेत्राला वाहिलेले एक आंतरराष्ट्रीय नियतकालिक १९९६ पासून निघते. रे लँड यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर हे काम करणाऱ्यांचे बारा दृष्टिकोन वेगळे करून दाखवले आहेत : कोणी व्यवस्थापनाच्या बाजूने विचार करतो, कोणी संशोधक असतो, कोणी सहकाऱ्याचा सल्लागार, तर कोणी मुद्दाम खोड काढून विचाराला प्रवृत्त करणारा. ज्या क्षेत्रात अशी वर्गवारी करण्याइतकी माणसे आणि मतभेद आहेत, ते क्षेत्र खरोखर अस्तित्वात आहे, असे मानावयास हरकत नाही.

मराठीत या क्षेत्राला नाव नाही. ‘शैक्षणिक विकास’ म्हटले की एखाद्या जिल्ह्याचा किंवा समाजाचा शैक्षणिक विकास, असा अर्थ होतो. तो करणाऱ्याला ‘विकासक’ म्हणावे, तर डोळ्यांपुढे बांधकाम व्यावसायिक उभा राहतो. जे शब्द रूढ झाले तेही विचार करण्याजोगे आहेत. ‘उद्बोधन’ म्हणजे जागे करणे. ज्याला जागे करावयाचे तो झोपलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले असते. ‘उजळणी’ पाढ्यांची असते. पूर्वी पाठ असलेले विसरू नये म्हणून ती करावयाची. नव्याने काही कमावण्याचा, आपल्याच वर्गातून काही शोधण्याचा अर्थ या दोन्ही शब्दांत नाही. हे काम करणाऱ्याला आपण ‘समन्वयक’ म्हणतो. समन्वयक दोन पक्षांची वेळ जुळवतो, सभागृह ठरवतो, वक्त्याला आणायला गाडी पाठवतो. त्याला स्वतःला अध्यापनाविषयी काही समजले पाहिजे, अशी अपेक्षा त्या शब्दातून व्यक्त होत नाही, आणि व्यवहारातही ती केली जात नाही.

शब्दांचा हा काथ्याकूट निरर्थक वाटू नये. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्याने रुजू झालेल्या अध्यापकांसाठी एक महिन्याच्या प्रवेश-प्रशिक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचे नाव ‘गुरु-दक्षता’. संस्कृतात आणि हिंदीत दक्षता म्हणजे कौशल्य. मराठी वाचकाला मात्र ‘दक्षता’ म्हटले की दक्षता विभाग आठवतो, लाचलुचपत आठवते, कोणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असे वाटते. हा केवळ भाषाभेदाचा योगायोग आहे हे खरे. पण अध्यापकाला साहाय्य करणे आणि अध्यापकावर नजर ठेवणे या दोन गोष्टींची आपल्या महाविद्यालयांत जी सरमिसळ झाली आहे, ती या एका शब्दात अनवधानाने प्रकट झाली आहे. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

जाणता नवशिका

या क्षेत्रातील नवागताचे एक वैशिष्ट्य असे की तो नवशिका असला तरी अननुभवी नसतो. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाला वीस वर्षे शिकवल्यानंतर समन्वयकपद मिळते. आपल्या विषयात त्याचा शब्द चालतो, पीएच.डी.चे विद्यार्थी त्याच्या मागे असतात. परंतु शेजारच्या इतिहासाच्या वर्गात काय घडते आहे आणि तेथे आपण काय साहाय्य करू शकतो, या प्रश्नापुढे तो पहिल्या दिवसाच्या व्याख्यात्याइतकाच कोरा असतो. कॅथरीन मानाथुंगा यांनी २००७ मधील एका लेखात अशा व्यक्तींच्या अस्वस्थतेचे वर्णन करताना मूळचे मुंबईचे असलेले समीक्षक होमी के. भाभा यांची ‘घरपण हरवण्या’ची संकल्पना उपयोजिली आहे. आपल्या ज्ञानशाखेतून निघालेला हा मनुष्य नव्या क्षेत्रात स्थलांतरितासारखा वावरतो, असा त्यांचा आशय आहे.

संकल्पना उद्बोधक आहे, पण आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. तेथील स्थलांतरित निदान घर सोडून निघालेला असतो. त्याला नवे पद, नवे दालन, नवे सहकारी मिळालेले असतात. आपला समन्वयक घर सोडतच नाही. त्याचे तास तेवढेच राहतात, परीक्षेची कामे तेवढीच राहतात, आणि नवे काम ‘अतिरिक्त’ म्हणून वर येते. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी त्याची स्थिती होते. विभागातील सहकारी म्हणतात, सर आता कार्यालयाचे झाले. कार्यालयात म्हणतात, सर मूळचे विभागाचे.

प्रस्तुत लेखकाने हे काम काही वर्षे केले आहे, म्हणून एक प्रसंग नमूद करतो. कामाच्या पहिल्याच वर्षी रसायनशास्त्राचा एक तरुण सहकारी भेटावयास आला. तासिका तत्त्वावर काम करणारा, दुसरेच वर्ष. दार लोटून घेत तो म्हणाला, “सर, माझ्या वर्गात मुलं काहीच बोलत नाहीत. प्रश्न विचारला की सगळी खाली बघतात. काय करू?” मी त्याला पुढील महिन्यातील कार्यशाळेची तारीख सांगितली. कार्यशाळा ‘उच्च शिक्षणातील नवप्रवाह’ या विषयावर होती. तो “बरं सर” म्हणून गेला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, हे मला त्या वेळी फारसे खटकलेही नाही. कार्यशाळेला उपस्थिती चांगली असेल एवढेच मनात आले. नवागताच्या साहाय्याचा प्रश्न मला पुढे ज्या स्वरूपात पडला, त्याची सुरुवात येथे आहे.

शिंपी आणि मांस कापणारे

नवागत एखाद्या कामात कसा मुरतो याचे विवेचन करणारे जीन लेव्ह व एटिएन वेंगर यांचे छोटेखानी पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षणशास्त्रात ते इतके उद्धृत केले जाते की मूळ पुस्तक वाचण्याची गरज अनेकांना वाटत नसावी. नवागत परिघावर राहून, पण त्या कामाचा मान्यताप्राप्त भागीदार म्हणून, हळूहळू केंद्राकडे सरकतो, हा त्याचा गाभा. हे दाखवण्यासाठी लेखकद्वयाने पाच समूह घेतले आहेत : युकातान प्रांतातील सुईणी, लायबेरियातील वाय व गोला शिंपी, अमेरिकी नौदलातील दिशा व स्थान निश्चित करणारे कर्मचारी, सुपरमार्केटमधील मांस कापणारे कारागीर आणि व्यसनमुक्तीसाठी एकत्र येणारे मद्यपी.

या पाचांपैकी दोन उदाहरणे शेजारी ठेवून वाचावीत. लायबेरियातील शिंप्याचा उमेदवार आधी तयार कपड्यांना इस्त्री करतो, गुंड्या लावतो, काठ दुमडतो. मग शिवणे शिकतो. कापड बेतणे व कापणे सर्वांत शेवटी. कपडा ज्या क्रमाने तयार होतो त्याच्या उलट क्रमाने तो शिकतो. गुंडी लावणे हे किरकोळ काम खरे, पण ते करताना पूर्ण कपडा त्याच्या हातात असतो आणि उस्ताद हाताच्या अंतरावर कापत असतो. सुपरमार्केटमधील उमेदवारही किरकोळच काम करतो : मांसाचे तुकडे वेष्टनात गुंडाळण्याच्या यंत्रावर तो उभा असतो. परंतु दुकानाची मांडणी अशी की तेथून कापणारे जाणते कारागीर दिसत नाहीत. गुंडाळण्यात तो तरबेज होतो, दुकानाला तो तेथे हवाही असतो, म्हणून त्याला तेथून कोणी हलवत नाही. कापणे तो शिकतच नाही. हे पाचपैकी एकमेव उदाहरण असे आहे की ज्यात उमेदवारी असूनही शिकणे खुंटते. पुस्तकाच्या सारांशांतून ते बहुधा गळते.

दोघेही परिघावर, दोघांचेही काम किरकोळ; फरक एवढाच की एकाला मुख्य काम दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. आपल्या समन्वयकाची जागा नेमकी कोणती, हे सांगण्यासाठी मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. तो गुंडाळण्याच्या यंत्रावर उभा आहे. कार्यक्रमपत्रिका, उपस्थितीपत्रक, छायाचित्रे, अभिप्राय-अर्ज, अहवाल, त्यांची वर्षाखेरची मांडणी : महाविद्यालयात शिकवण्याच्या नावाने जे काही घडते ते कागदांच्या वेष्टनात येऊनच त्याच्यापर्यंत पोहोचते. ते घडताना तो पाहत नाही. नॅकच्या २०१७ मध्ये सुधारलेल्या चौकटीत सहाव्या निकषाखाली अध्यापक-सक्षमीकरणाची मोजणी होती. किती अध्यापकांना परिषदांसाठी आर्थिक साहाय्य दिले, महाविद्यालयाने किती कार्यक्रम घेतले, किती जण उद्बोधन-उजळणी वर्गांना जाऊन आले. या संख्या खोट्या नसत. पण ज्या तासाला मुले खाली बघतात, तो तास यांपैकी कोणत्याच संख्येत येत नसे.

आता नवागत समन्वयकांना साहाय्य म्हणून आपण काय दिले, ते पाहावे. त्यांच्यासाठी होणाऱ्या कार्यशाळांचे विषय माहितीचा मसुदा कसा भरावा, पुरावे कसे जोडावेत, नव्या चौकटीत गुण कोठे मिळतात, असे असतात. २०१९ च्या ‘परामर्श’ योजनेने मार्गदर्शनाचा विचार केला, ही चांगली गोष्ट. पण त्या योजनेत मार्गदर्शन करणारी संस्था आणि घेणारीही संस्थाच, आणि उद्दिष्ट मूल्यांकन-श्रेणीचे. एका माणसाने दुसऱ्या माणसाला हे काम शिकवावे, अशी रचना तिच्यात नव्हती. थोडक्यात, जो गुंडाळण्याच्या यंत्रावर उभा आहे त्याला आपण अधिक चांगले गुंडाळावयास शिकवतो आणि त्याला नवागतांचे सबलीकरण म्हणतो.

लेव्ह-वेंगर यांच्या मांडणीतील एक अडचणही येथेच सांगितली पाहिजे. परिघावरून केंद्राकडे जावयाचे, तर केंद्रात कोणी जाणते बसलेले असावे लागतात. आपल्या समन्वयकाच्या आधीचा समन्वयकही गुंडाळतच होता. मग उस्ताद कोण? या प्रश्नाला सहज सुचणारे उत्तर म्हणजे बाहेरचा तज्ज्ञ, आणि म्हणून दरवर्षी बाहेरचा तज्ज्ञ येतो. पण कापण्याचे काम जेथे रोज चालते ती जागा त्याच इमारतीत, त्याच व्हरांड्यात असते. प्रत्येक महाविद्यालयात असे दोन-चार अध्यापक असतातच की ज्यांच्या तासाला खिडकीतूनही मुले डोकावतात. ते कधी समन्वयक होत नाहीत. ते काय करतात याची कोठे नोंद नसते, आणि ते निवृत्त झाले की सारे त्यांच्याबरोबर जाते.

क्रियापदांची यादी

मुख्य काम न पाहिलेल्या माणसाच्या हाती तत्त्व दिले की त्याचे काय होते, याचा नमुना म्हणून ब्लूम यांच्या वर्गीकरणाकडे पाहता येईल. महाराष्ट्रात संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. त्याच्या आगेमागे फलिताधारित शिक्षणाचा आग्रह सर्वत्र पोहोचला. प्रत्येक अभ्यासपत्रिकेची फलिते लिहावयाची, ती कार्यक्रमाच्या फलितांशी जोडावयाची. हे काम सहकाऱ्यांना समजावून देण्याची जबाबदारी समन्वयकावर आली आणि त्याच्या हाती आली ती एक यादी : ‘समजणे’ हे क्रियापद लिहू नये, ‘स्पष्ट करणे’ लिहावे, ‘विश्लेषण’, ‘मूल्यमापन’, ‘निर्मिती’ ही वरच्या पायरीची.

हे वर्गीकरण १९५६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याचा उगम अमेरिकी महाविद्यालयीन परीक्षकांच्या चर्चेत आहे. आपापले प्रश्न परस्परांना वापरता यावेत यासाठी त्यांना एक समान भाषा हवी होती. ज्यांच्यासमोर प्रश्नपत्रिका आणि विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका पडलेल्या होत्या, अशांनी तयार केलेले ते साधन होते. ब्लूम स्वतः १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात आले होते, आणि येथील परीक्षा-सुधारणेच्या चर्चेत त्यांचा सहभाग होता. म्हणजे हा विचार आपल्याकडे आज-काल आलेला नाही, आणि येताना तो प्रश्नपत्रिकेच्या हाताने आलेला होता. आज मात्र प्रश्नपत्रिका बाजूला राहिली आणि क्रियापदे उरली. फलितांत ‘विश्लेषण करणे’ असे लिहिलेल्या अभ्यासपत्रिकेच्या परीक्षेत ‘टिपा लिहा’ हा प्रश्न येतो, आणि या दोहोंतील विसंगती कोणाला दाखवावीशी वाटत नाही. समन्वयकाचा दोष एवढाच की त्याला यादी मिळाली, यादीमागील व्यवहार मिळाला नाही. खरे तर एका अभ्यासपत्रिकेच्या पाच उत्तरपत्रिका घेऊन चार सहकाऱ्यांसह तासभर बसणे, हे त्याचे पहिले प्रशिक्षण होऊ शकले असते.

वगळलेली शिफारस

कोठारी आयोगाच्या अहवालात उद्बोधन वर्गांच्या शिफारशीजवळच आणखी एक साधी सूचना आहे. नव्या व्याख्यात्याला संस्थेशी जुळवून घेण्यास काही अवधी द्यावा आणि अनुभवी अध्यापकांच्या व्याख्यानांना जाऊन बसण्यास त्याला उत्तेजन द्यावे, असा तिचा आशय. या सूचनेला निधी लागत नव्हता, इमारत लागत नव्हती, अधिसूचनाही लागत नव्हती. अहवालातील ज्या सूचनेला इमारत लागत होती, ती वीस वर्षांनी का होईना अमलात आली. जिला काहीच लागत नव्हते, ती अद्याप अमलात आलेली नाही. याचे कारण मला असे दिसते की इमारतीच्या सूचनेत आपल्या वर्गाचे दार बंद राहते. दुसऱ्या सूचनेत ते उघडावे लागते.

आपल्याकडे दार उघडण्याची परंपरा नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. ती महाविद्यालयांबाहेर होती. ताराबाई मोडक राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य होत्या. शिक्षकांना घडवणे हेच त्यांचे काम. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे आल्या, त्या बालमंदिरात नवागत म्हणून. सुमारे नऊ वर्षे त्या तेथे राहिल्या. अनुताई वाघ पुण्यातील हुजूरपागेत दहाएक वर्षे शिकवून आलेल्या शिक्षिका; १९४५ मध्ये त्या बोर्डीला ताराबाईंच्या ग्राम बाल शिक्षा केंद्रात दाखल झाल्या आणि १९५७ मध्ये त्यांच्यासह कोसबाडला गेल्या. दोघीही या कामात आल्या तेव्हा जाणत्या होत्या, आणि दोघींनीही नवशिकेपण पत्करले. त्यांना जे मिळाले ते वर्गाच्या रूपात मिळाले नाही. रोजच्या कामात शेजारी असणे, मुलांसमोर जाणे, फसणे, संध्याकाळी त्यावर बोलणे, आणि काही वर्षांनी पूर्ण जबाबदारी अंगावर घेणे असे ते होते. शिंप्याच्या दुकानातील उमेदवारीशी याचे साम्य उघड आहे. बालशिक्षणातील हा अनुभव उच्च शिक्षणात जसाच्या तसा आणता येणार नाही, हे मान्य. कोसबाडची निवासी, ध्येयवादी चौकट सोळा तासांच्या कार्यभाराला मानवणारी नाही. तरी जाणत्या माणसाला नवे काम कसे शिकवावे, याचे आपल्या भाषेतील इतके स्पष्ट उदाहरण असताना प्राध्यापक प्रबोधिनीच्या चर्चेत ते कधी ऐकू येऊ नये, याचे आश्चर्य वाटते. बालवाडीकडून शिकणे कदाचित आपल्या पदाला शोभत नसावे.

साहाय्य आणि तपासणी

वर ज्या सरमिसळीचा उल्लेख केला तिच्याकडे आता वळतो. कारण वर्गाचे दार उघडण्याच्या आड ती येते. २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या पदोन्नतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. २०१८ च्या विनियमांनी तिचा जाच कमी केला, तरी दरवर्षीचा स्व-मूल्यमापन अहवाल व स्थाननिश्चितीसाठीची कागदपत्रे राहिलीच, आणि ती पडताळण्याचे काम बहुतेक ठिकाणी गुणवत्ता हमी कक्षाकडे आले. म्हणजे ज्याच्यापाशी “माझा वर्ग जमत नाही” असे मोकळेपणी म्हणावे, तोच माणूस तुमच्या प्रस्तावावर सही करणार. अशा स्थितीत शहाणा अध्यापक त्याला काय सांगेल? तो आपले प्रमाणपत्र सांगेल.

मिशिगनच्या केंद्रात चालणारी एक पद्धत या संदर्भात पाहण्यासारखी आहे. सत्राच्या मध्यावर अध्यापकाच्या विनंतीवरून केंद्राचा सल्लागार त्याच्या वर्गात जातो. थोडा वेळ अध्यापन पाहतो. मग अध्यापक बाहेर जातो आणि विद्यार्थी लहान लहान गटांत, शिकण्यास कशाने मदत होते व कोणता बदल हवा, यावर बोलतात. सल्लागार ते एकत्र करून फक्त त्या अध्यापकाला सांगतो. विभागप्रमुखाला नाही, पदोन्नती समितीला नाही. हे गोपनीयतेचे बंधन काढले तर सारी पद्धत कोसळेल. नव्या सल्लागाराला हे काम शिकवताना मुरलेल्या सल्लागाराबरोबर आधी वर्गात नेले जाते. गुंडी लावण्यापासून सुरुवात, पण कात्री समोर दिसते आहे.

असे केंद्र आपल्या महाविद्यालयांत उभारता येईल, असा भाबडा आशावाद येथे मांडावयाचा नाही. एका श्रीमंत विद्यापीठाची रचना ग्रामीण महाविद्यालयावर लादणे ही आपली जुनी खोड आहे. पण या पद्धतीतील दोन गोष्टींना पैसा लागत नाही : विनंती अध्यापकाकडून यावी, आणि ऐकलेले त्याच्याजवळच राहावे. समन्वयकपदाचे काम दोन व्यक्तींत वाटले, एकाकडे अहवाल आणि दुसऱ्याकडे वर्ग, तर दुसऱ्याला हे पाळता येईल. प्राचार्यांना एवढा निर्णय घेण्यास कोणाची परवानगी लागत नाही.

एक गंभीर आक्षेप राहतो. आज महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भार तासिका तत्त्वावरील अध्यापक वाहतात. वर्षानुवर्षे पदभरती रखडल्याने ही तात्पुरती सोय कायमची झाली आहे. प्रशिक्षण पदोन्नतीला जोडले की ज्याला पदोन्नतीच नाही त्याच्यापुरते प्रशिक्षणाचे प्रयोजन संपते. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, त्याला अध्यापन-विकासाच्या गोष्टी सांगणे क्रूरपणाचे आहे, असे कोणी म्हटले तर ते खोडून काढता येत नाही. माझे म्हणणे इतकेच की माझ्याकडे प्रश्न घेऊन आलेला माणूस त्यांपैकीच होता. त्याला प्रमाणपत्र नको होते. त्याचा त्याला उपयोगही नव्हता. कायम सेवेतील कोणी तोपर्यंत त्या प्रश्नासह माझ्या दारात आले नव्हते.

त्याच्या वर्गात मी गेलो तो दीड वर्षाने, आणि तोही माझ्या सुचवण्यावरून नव्हे. त्यानेच पुन्हा विचारले. शेवटच्या बाकावर बसलो. विषय मला समजत नव्हता, हे फायद्याचे ठरले. मी मुलांकडेच पाहत राहिलो. तो फळ्यावर समीकरण लिही, त्याचे स्पष्टीकरण सांगे आणि लगेच प्रश्न विचारी. मुले त्या वेळी समीकरण उतरवून घेत असत. त्यांनी माना खाली घातलेल्या होत्या त्या वहीसाठी. पेन थांबून ती वर पाहीपर्यंत उत्तर त्यानेच सांगितलेले असे. प्रश्नानंतर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, हे मेरी बड रो यांनी अमेरिकेतील शालेय विज्ञानवर्गांत १९७० च्या दशकातच नोंदवले होते. मी ते वाचले होते, पाहिले मात्र नव्हते. तास संपल्यावर आम्ही प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बोललो. पुढच्या आठवड्यापासून तो समीकरण लिहून झाल्यावर खडू खाली ठेवू लागला आणि सर्वांची पेने थांबेपर्यंत खिडकीबाहेर पाहू लागला. दोन मुली बोलू लागल्या. मग आणखी एक मुलगा.

त्या वर्षीच्या अहवालात महाविद्यालयाने घेतलेल्या अध्यापक-विकास कार्यक्रमांची संख्या तीन अशी गेली. तिन्हींची छायाचित्रे जोडलेली होती. त्यानंतरच्या गुरुवारी तो माझ्या तासाला येऊन बसला, शेवटच्या बाकावर, आणि बाहेर पडताना म्हणाला, “सर, तुम्हीपण थांबत नाही.”